शेगडी गेली, मी राहिले

आमच्या सापगावात धोका सगळ्यांत आधी कुणाला दिसतो? मला! लेक रुचिता चालायला लागल्यापासून तर माझे डोळे सीसीटीव्हीसारखे कायम चालू! शेजारच्या रखमीकाकू मला 'घाबरट मास्तरीन' म्हणतात, म्हणू देत.

आमची विजेची शेगडी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, किशोरच्या, पहिल्या पगाराची. सासूबाईंचा जीव की प्राण! अशी शेगडी दहा-बारा वर्षं टिकते म्हणे. पण प्लग काळा पडला, भांड्यातून झिणझिण्या आल्या, की वय न बघता बदलावी. आमच्या शेगडीनं सगळं करून दाखवलं होतं! कॉइल एकाच बाजूला लाल. भाकरी अर्धी कोळसा, अर्धी पीठ!

"आई, रुचितानं हात लावला तर?"

"इतकी वर्सं कुनाला काय झालं नाय!"

किशोर भातसानगरला ड्युटीवर. मीच प्लग काढला, शेगडी अंगणात टाकली आणि नवी आणायला शहापूर गाठलं. सासूबाई अशा रुसल्या की त्यांनी मागची चूलसुद्धा पेटवली नाही. पदर तोंडाला लावून ओटीवर बसल्या.

संध्याकाळी परतले तर अंगणात गर्दी! बायकांच्या हातात भाकऱ्यांच्या टोपल्या, पिठल्याची पातेली. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, अन्न शेजारी आणतात. रुचिता?

नाही! ती रखमीकाकूंच्या मांडीवर होती. काकू तिला भरवत रडत होत्या.

"लय जपनारी बाय! आमी हसायचो, पन माज्या नातवाच्या चपलेतला इंचू तिनंच बघितलान."

"शिकलेली, पन तोरा नाय," नथूकाका म्हणाले.

"किशोरला कलवलं का रे?"

"धीर नाय होत."

किती चांगली बाई होती बिचारी! माझेही डोळे भरून आले. तेवढ्यात रुचितानं बोट दाखवलं, "आई!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. लहानीकाकू "भूत!" म्हणून किंचाळल्या. हातातला नव्या शेगडीचा खोका माझ्याच पायावर पडला!

"चंद्रकला, तू तं म्हनलीस, करंट लागला, सून गेली शहापूरला... आमाला वाटलं, दवाखान्यात नेली नि तिथंच गेली!" रखमीकाकू सासूबाईंवर उखडल्या.

"शेगडीचा करंट म्हनले! सून नवी आनाय शहापूरला गेली सांगत व्हते, तं तूच रडाय लागलीस!"

"मग चूल का नाय पेटवली?"

"रुसले व्हते!"

मग अंगणातच पंगत बसली. एका घासासाठी मला गावभर पळवणाऱ्या रुचितानं अर्धी भाकरी संपवली! सासूबाईंनी नव्या शेगडीला हळद-कुंकू वाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "प्लग तूच लाव गो. तुजी नजर बरी." माझ्यासाठी इतक्या घरांनी भाकऱ्या थापल्या होत्या! मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

सकाळी कुंपणापलीकडून हाक आली, "ए घाबरट मास्तरीन!"

नवी शेगडी चांगली आहे. दहा-बारा वर्षं टिकेल. म्हणजे पुढच्या कौतुकाला तेवढं थांबायचं!