सगळी कुलपं पास

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची कुलपं तपासली, त्याने स्वतःची गाडी नुसती किल्ली फिरवून दारात सोडून द्यावी, हे काही तपासनिसांना पटेना. सगळं रामायण घडलं ते तिथून.

तपासनीस हे त्यांचं आडनाव नव्हे, काम. तिजोऱ्यांच्या कारखान्यात ते कुलपं तपासत. खटपट करून कुलूप उघडायला बघायचं, नाही उघडलं की 'पास' म्हणायचं. एका तिजोरीला एकामागे एक अशी कुलपं असत, म्हणून पद्धत अशी होती, की पास झालेलं कुलूप किल्लीने काढून बाजूला ठेवायचं आणि पुढच्याला हात घालायचा. निवृत्त झाले तरी हाताची सवय जाते थोडीच? (घरी बरणीचं झाकण घट्ट बसलं, की तेही पास व्हायचं. मग त्या दिवशी चहा बिनसाखरेचा.)

निवृत्तीनंतर नवरा-बायकोने मिळून एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. मागे दोघांपुरता पलंग, इवलासा ओटा, भिंतीला टेकणारं टेबल. अर्धी व्हॅन तपासनिसांच्या फंडावर उभी राहिली, अर्धी बाईंच्या शिलाई मशीनवर. बाईंना लग्न झाल्यापासून समुद्र पाहायचा होता. आधी मुलं लहान होती, मग मुलांची मुलं लहान होती. आता अखेर उद्या सकाळी निघायचं ठरलं होतं आणि बाई घरात बसून व्हॅनच्या शेवटच्या पडद्याला टीप मारत होत्या.

तपासनिसांनी व्हॅनला काय काय लावलं होतं म्हणता! दाराला जादा कुलूप, चाकाला पिवळा लोखंडी जबडा, स्टिअरिंगवर दांडा, गिअरला साखळी आणि वर भोंगा. हे सगळं अत्यंत गुप्त होतं. दूधवाला, न्हावी, लाँड्रीवाला आणि समोरच्या घरातली पाहुणी एवढ्यांनाच त्यांनी ते सांगितलं होतं, आणि प्रत्येकाला 'कुणाला बोलू नका' असं बजावलंही होतं.

"भाऊजी, माझ्या ओळखीचा एक गॅरेजवाला आहे," मेहुण्याने फोनवर सांगितलं होतं. "कुठलीही गाडी उघडतो पठ्ठ्या. दुपारी पाठवू का? होऊन जाऊ द्या परीक्षा."

"पाठव. पण तो दिसतो कसा, ते मला सांगू नकोस. परीक्षा निःपक्षपाती हवी."

दुपारी तपासनीस चहाचा कप घेऊन व्हरांड्यात बसले होते. बारीक मिशीचा, टोपी घातलेला एक माणूस गल्लीत आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खांद्यावरच्या पिशवीतून लोखंडी पट्टी काढली आणि व्हॅनच्या दाराशी लागला. तपासनीस खूश झाले. माणूस वेळेचा पक्का होता. ते लगबगीने खाली आले.

त्यांना पाहून मिशीवाला जागीच थिजला.

"चालू द्या, चालू द्या! मी इथे नाहीच असं समजा."

"अं?"

"मेहुण्याने पाठवलंय ना?"

मिशीवाल्याने पट्टी पाठीमागे लपवली. "हो... मेहुण्यानेच."

"मग लाजता कसले? घाला हात!"

मिशीवाल्याने हात घातला. पट्टी झाली, तार झाली, हातोडीची पाळी आली, पण जादा कुलूप काही दाद देईना. त्याच्या कपाळावरून घाम ओघळू लागला.

"नाही जमत काका. येतो मी."

"येतो काय? ही तर सुरुवात आहे!" तपासनिसांनी अभिमानाने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. "दार पास. आता हे काढून ठेवू आणि चाकाकडे वळू."

असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने कुलूप काढून कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. मिशीवाला बघतच राहिला. (धंद्यात त्याला कुत्री आडवी आली होती, म्हाताऱ्या आडव्या आल्या होत्या. हा प्रकार नवीन होता.)

चाकाचा जबडा पास झाला, भिंतीवर गेला. स्टिअरिंगचा दांडा मिशीवाल्याने पाय लावून ओढला. तोही पास झाला. गिअरच्या साखळीपाशी पठ्ठ्याचा हात खरचटला, तेव्हा तपासनिसांनी घरातून चिकटपट्टी आणून त्याच्या बोटाला लावली आणि साखळी काढली. मिशीवाल्याने तारा जोडून गाडी चालू करून पाहिली. ती खोकलीसुद्धा नाही.

"इंजिन पास!" तपासनिसांचा आनंद गगनात मावेना. "आता एकच राहिलं. गाडी जागची हलली, की भोंगा वाजायला हवा. घ्या किल्ली."

"मी... किल्ली घेऊ?"

"अहो, त्याशिवाय गाडी हलणार कशी?"

बरोबरच होतं. मिशीवाल्याने किल्ली घेतली, व्हॅन सुरू केली, गाडी हलली आणि भोंग्याने जो काही टाहो फोडला, की गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या.

"वाजला! वाजला!" तपासनीस टाळ्या पिटत नाचले. शेजारी धावत बाहेर आले, त्यांना त्यांनी हातानेच थांबवलं. "काही नाही, काही नाही! आमची परीक्षा चाललीय!"

शेजारी आत गेले. व्हॅन उतारावरून वळणापलीकडे गेली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"भाऊजी, माफ करा हं," मेहुणा म्हणाला. "माझ्या माणसाला ताप भरलाय. परीक्षा परत आल्यावर घेऊ."

तपासनिसांच्या पायाखालची जमीन सरकली. भिंतीवर पास झालेली कुलपं ओळीने मांडलेली होती आणि तिच्यासमोर रिकामी जागा होती. गाडीचं त्यांना काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की आता आत जाऊन हे हिला कोणत्या तोंडाने सांगायचं.

बाईच बाहेर आल्या. हातात पडदा होता.

"अहो, गाडी कुठंय?"

तपासनिसांनी अडखळत सगळं सांगितलं. बाईंनी भिंतीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पडद्याची घडी घातली.

"वळणापलीकडे गेली ना? मग चपला घाला. आणू या."

"अगं, ती आता कुठल्या कुठे गेली असेल!"

"चला म्हणते ना."

वळणापलीकडे, लाँड्रीच्या दारात, व्हॅन भोकाड पसरून उभी होती. भोवती ही गर्दी. लाँड्रीवाल्याने ओळखीची गाडी म्हणून गाडीचं दारच अडवून धरलं होतं. मिशीवाला आत किल्ली फिरवून फिरवून रडकुंडीला आला होता. तपासनीस दिसताच तो ओरडला, "काका, नापास! तुमची गाडी नापास! बंद पडली!"

तपासनिसांनी खिशातल्या रिमोटने भोंगा बंद केला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "असू दे. परीक्षा म्हटली की पास-नापास चालायचंच. आता घरापर्यंत ढकला."

"मी?"

"मग काय हे ढकलणार? तुम्हीच ना परीक्षक?"

एवढ्या माणसांसमोर नाही कसं म्हणणार? मिशीवाल्याने व्हॅन चढावर ढकलत ढकलत थेट फाटकात आणून सोडली. बाईंनी त्याच्याकडून किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "बसा. माझा भाऊ येतोच आहे पोलिसांना घेऊन. ओळख असेलच तुमची."

मिशीवाला पिशवी तिथेच टाकून असा पळाला, की टोपीसुद्धा मागे राहिली.

पिशवी न्यायला हवालदार आले. "चोराने एवढी कुलपं तोडली कशी?" त्यांनी विचारलं.

तपासनीस व्हरांड्याच्या छताकडे बघू लागले.

"तोडली नाहीत," बाई म्हणाल्या.

"मग काय, विनंती करून उघडून घेतली?"

"विनंतीही नाही केली बिचाऱ्याने."

हवालदार गेल्यावर तपासनीस व्हॅनच्या पायरीवर मटकन बसले. गाडी आहे, पलंग आहे, उद्याची सकाळ आहे. छातीवरचा धोंडा उतरला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग त्यांना सुचलं.

"अगं, पण ती बंद कशी पडली?"

"मेकॅनिककडून एक छुपं बटण लावून घेतलंय मी. ते दाबलं नाही, तर पाइपात असेल तेवढ्याच डिझेलवर गाडी चालते."

"आणि मला सांगितलं नाहीस? मला? तपासनिसाला?"

"तुम्हाला सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं."

"बरं, आता तरी सांग, कुठंय ते बटण?"

बाई नुसत्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. गाडी बाईच चालवत होत्या. पण दर मुक्कामावरून निघताना एक सोपस्कार पार पाडावा लागे. बटण दाबण्याआधी बाई नवऱ्याला खाली उतरवत. पहिल्याच पेट्रोल पंपावर तपासनीस गाडीकडे पाठ करून, दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून उभे होते, तेव्हा एक ट्रकवाला जवळ आला.

"काय हो काका, बाईंनी शिक्षा केली का?"

तपासनिसांनी डोळ्यांवरचे हात काढले नाहीत.

"छे हो," ते ताठ मानेने म्हणाले, "मी इथे सुरक्षा विभागात आहे."