मॅनेजरच्या बाजूचे अप्पा

सामना असला की अप्पा आंघोळ करून आधी स्वतःच्या कपाळाला विभूती लावतात आणि मग टीव्हीच्या. तीन बोटं ओली करून, पडद्याच्या वरच्या अंगाला, डावीकडून उजवीकडे व्यवस्थित तीन पट्टे. चॅनेलवाले स्कोअर आणि वेळ नेमके तिथंच दाखवतात. त्यामुळे अप्पांच्या घरी सामना बघताना कोण जिंकतंय आणि किती वेळ राहिलाय, हे सगळं अंदाजाने धरावं लागतं. आमच्या क्लबाच्या बाबतीत अंदाज सहसा चुकत नाही. हरत आम्हीच असतो, आणि वेळ कधीच पुरेसा राहिलेला नसतो.

मल्लिनाथअप्पांचं सात रस्त्याजवळ पाण्याच्या मोटारी आणि त्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वय साठीच्या पुढे, अंगात पांढरा शर्ट, आणि सामन्याच्या दिवशी त्या शर्टावर क्लबाची लाल जर्सी. क्लब इंग्लंडातला, फुटबॉलचा. त्याचं नाव मी सांगत नाही. सध्या त्याचे दिवस असे आहेत की चार लोकांत ओळख द्यायला नको वाटतं.

सोलापुरात मोटारी विकणाऱ्या माणसाला हे वेड लागलं ते मुलामुळे. चेतन इंजिनिअरिंगला असताना त्याने घरात स्पोर्ट्स चॅनेल घेतलं, वडिलांना शेजारी बसवलं आणि ऑफसाइड समजावून सांगितलं. पुढे चेतन पुण्याला नोकरीला गेला, तिकडेच संसार थाटला, आणि आता त्याला सामने बघायला वेळ मिळत नाही. काकू त्याच्या लग्नानंतर वर्षभरातच गेल्या. घरात आता अप्पा, टीव्ही आणि ऑफसाइड. त्यातलं ऑफसाइड अप्पांना अजूनही पटलेलं नाही. ‘‘पुढं गेला म्हणून शिट्टी मारायची? मग जायचं कुटं, मागं?’’ असं ते दर सामन्याला विचारतात.

अप्पांनी सगळ्या खेळाडूंची सोयीस्कर बारशी केली आहेत. गोलकीपर हा वॉचमन, कॅप्टन पाटील, रेफ्री फौजदार. संघ जमवणारा आणि खेळवणारा मॅनेजर मात्र मॅनेजरच. त्या शब्दाला अप्पांच्या तोंडी वजन आहे. त्यांचे वडील इथल्या एका कापड गिरणीत होते आणि त्या घरात मॅनेजर या इसमाबद्दल जेवताना रोज काही ना काही बोललं जायचं.

दर सोमवारी अप्पा देवळात जाऊन येतात आणि संध्याकाळी दुकानात आमची बैठक बसते. बैठकीला चौघं असतो. मी शाळेत गणित शिकवतो. सिनूचा टॉवेलांचा कारखाना आहे. तो घरी तेलुगू बोलतो, आमच्याशी मराठी आणि क्लब हरला की दोन्ही एकदम. रफीकभाई गाड्यांचं वायरिंग करतात. चौथे अप्पा. विषय गेले दोन सीझन एकच चालू आहे: मॅनेजरला काढावं की ठेवावं?

आम्ही तिघं काढा म्हणणारे. अप्पा एकटे ठेवा म्हणणारे.

‘‘काढून काय करालाय?’’ अप्पा विचारतात. ‘‘आमच्या वडलांच्या गिरणीत मॅनेजरवर मॅनेजर बदलले. काय झालं? गेटाला कुलूप लागलं. मॅनेजर बदलून कापड सुधारत न्हाय सर.’’

‘‘अप्पा, पण बचाव बघा ना. काल चार गोल खाल्ले,’’ मी म्हणतो.

‘‘मोटार चांगली हाय. फुटवाल्व गळतोय. पाणी खाली उतरतंय त्यात मेकॅनिकचा काय दोष?’’

‘‘तो वाल्व त्यानंच इकत आणलाय की!’’ सिनू ओरडतो.

‘‘नक्को अप्पा, उसकू घर भेजो,’’ रफीकभाई दमून म्हणतात. त्यांचं सगळंच बोलणं दमलेलं असतं. दिवसभर बॉनेटमध्ये डोकं घालून माणूस आणखी कसा बोलणार?

खरं म्हणजे आम्ही सगळेच दमलेले असतो. सोलापूरचा उन्हाळा, माझ्या वर्गातले साठ चेहरे, सिनूच्या मागावरची धडधड, आणि वर हा क्लब. हरण्याचं दुःख पहिली काही वर्षं होतं. मग राग आला. आता नुसता कंटाळा येतो, आणि तरी सोमवारी पाय दुकानाकडेच वळतात.

वाद संपला की अप्पा मतदान घेतात. हे मतदान सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसारखं असतं. अप्पा खुर्चीत सावरून बसतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, ‘‘मॅनेजरला काढावं या ठरावाच्या बाजूनं हात वर करा.’’ आमचे तीन हात वर जातात. ‘‘विरोधात?’’ अप्पांचा एक हात. मग अप्पा शांतपणे जाहीर करतात, ‘‘ठराव फेटाळण्यात आलाय.’’

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी गणिताचा माणूस म्हणून हरकत घेतली. तीनाला एक हे प्रमाण मी त्यांना समजावून सांगितलं. अप्पा म्हणाले, ‘‘अध्यक्षाचं मत जास्तीचं धरत्यात.’’

‘‘तुम्हाला अध्यक्ष कुणी केलं?’’

‘‘दुकान कुणाचं हाय?’’

तेव्हापासून इंग्लंडातला तो मॅनेजर दर सोमवारी सात रस्त्यावर वाचत आलाय.

एकदा उजनीच्या काठचा एक केळीवाला शेतकरी मोटारीचं सील घ्यायला आला होता. गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून आमचं चाललं होतं. त्याने बराच वेळ ऐकून घेतलं आणि शेवटी न राहवून म्हणाला, ‘‘काढा की त्याला! कशाला ठिवताय? आमच्या सोसायटीचाबी असलाच हाय. इचारलं की म्हणतोय, पुढल्या हंगामात बगू.’’ अप्पांनी सील देता देता त्याला बजावलं, ‘‘तुमच्या मॅनेजरलापण टाईम द्या. माणसाला टाईम लागतंय.’’ तो माणूस सील न तपासताच निघून गेला.

अप्पांच्या या मॅनेजरप्रेमाचं मला नवल वाटायचं आणि चीडही यायची. इतकं हरूनही एखाद्यावर इतका विश्वास? मला तर माझ्या हेडमास्तरांबद्दल पंधरा मिनिटंही असं वाटलेलं नाही.

मग एका रविवारी संध्याकाळी आमच्या भागातली लाइट गेली. सामना सुरू होऊन गेला होता. मी स्कूटर काढली आणि अप्पांचं घर गाठलं. उकाड्यामुळे दार उघडंच होतं. चप्पल काढताना आतून आवाज ऐकू आला.

‘‘ए हुच्चा! एन माडाकत्ती?’’

अप्पा चिडले की कानडीवर जातात. हुच्चा म्हणजे वेडा, आणि पुढचं म्हणजे काय करतोयस, एवढं कानडी सोलापुरात सगळ्यांना येतं. मला वाटलं, वॉचमनने काही घोळ घातला असेल. पण पुढचं मराठीत आलं.

‘‘आता तरी बदल की त्या पोराला! डोळे हायत का बटणं? याला पहिल्यांदा हाकला रे कुणीतरी! आजच्या आज हाकला! दोन वर्सं झाली, दोन वर्सं रगत पितोय हा मॅनेजर!’’

मी दारात उभाच राहिलो. अप्पा जर्सी घालून सोफ्याच्या कडेवर बसले होते आणि पडद्यावर मॅनेजरचा चेहरा होता, विभूतीच्या पट्ट्यांखाली. आमच्या तिघांच्या दोन सीझनच्या शिव्या एकत्र केल्या तरी त्या माणसाला इतकं बोलून झालं नसतं. मग अप्पांची मान वळली. त्यांनी रिमोट शोधून उगाच आवाज कमी केला.

‘‘या सर. बसा,’’ ते म्हणाले.

आम्ही बाकीचा सामना बघितला. हरलो. अप्पांनी शेंगा आणि गूळ आणून पुढ्यात ठेवला. मी विचारावं की नाही या विचारात होतो, पण विचारलंच.

‘‘अप्पा, मग सोमवारी तुम्ही त्याची बाजू का घेता?’’

अप्पा शेंगा फोडत राहिले. टरफलांचा ढीग वाढला.

‘‘मीपण काढा म्हणलो तर बोलायचं काय राहतंय सर? चौघंच्या चौघं एका बाजूला. पाच मिंटात चहा पिऊन उठाल की तुमी. सिनूला कारखाना हाय, रफीकला पोरं हायत, तुमाला पेपर तपासायचे असत्यात. कोण बसतंय?’’ त्यांनी एक शेंग माझ्याकडे सरकवली. ‘‘दुकानाचं शटर ओढलं की मी हितं येतो. हितं कुणाशी बोलू? चेतनला फोन केला तर तो म्हणतोय, पप्पा, मीटिंगमधे हाय.’’

मी ती शेंग फोडली. फार वाईट वाटलं.

‘‘सिनूला सांगू नका,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तो लई हसेल.’’

मी सांगितलं नाही. पुढच्या सोमवारपासून वाद घालताना माझा जोर मात्र कमी झाला. अप्पा गिरणीचा दाखला द्यायला लागले की मी मान खाली घालून चहा प्यायचो. सिनूला वाटलं, मी फितूर झालो.

आणि मग ते झालं. क्लबाने मॅनेजरला काढून टाकलं. बातमी सोमवारी दुपारीच आली. माझा फोन मधल्या सुट्टीत वाजत राहिला. संध्याकाळी सिनू पेढे घेऊन दुकानात हजर. रफीकभाईंना मी पहिल्यांदा हसताना बघितलं. अप्पा खुर्चीत बसून होते. देवळातून आलेले होते, कपाळावर विभूती ताजी होती.

‘‘काय अप्पा, आता?’’ सिनू म्हणाला. ‘‘गेला का न्हाय तुमचा मॅनेजर?’’

‘‘गेला की,’’ अप्पा म्हणाले.

‘‘नवा चांगला हाय म्हणत्यात.’’

‘‘आसंल.’’

‘‘हौ, अच्छाच है,’’ रफीकभाई म्हणाले.

मग चहा आला, संपला. पेढे वाटून झाले. कशावर हात वर करायचे तेच उरलं नव्हतं. सिनूने मोबाइल काढला. रफीकभाई गाडीची किल्ली चाचपत उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘चलो, आज जल्दी जाता.’’ अप्पांनी मान हलवली आणि टेबलावरचे रिकामे कप गोळा करायला लागले. ते काम एरवी चहावाला करतो.

‘‘चूक केली क्लबाने,’’ मी म्हणालो.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

‘‘काढायला नको होतं त्याला. एक सीझन आणखी द्यायला हवा होता. हा नवा माणूस काही खरा नाही.’’

‘‘सर, डोकं फिरलं काय तुमचं?’’ सिनू किंचाळला. ‘‘दोन वर्सं काढा काढा म्हणलात आणि आता?’’

‘‘मत बदललं माझं.’’

अप्पांनी कप खाली ठेवले. माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. मग त्यांनी खुर्चीत सावरून घेतलं, टेबलावर हात आपटला आणि त्यांचा आवाज चढला.

‘‘काय बोलालाय सर तुमी? त्या माणसाला ठेवायचं? अवो, त्याला पहिल्याच महिन्यात हाकलायला पायजे होतं!’’

आणि मग दोन सीझन पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मराठीत आलं, कानडीत आलं. सिनू तोंड उघडं ठेवून ऐकत राहिला. रफीकभाई उभे होते ते बसले. मी त्या गेलेल्या मॅनेजरची बाजू जमेल तशी लढवत होतो. लढवण्यासारखं फारसं नव्हतं, तरी लढवत होतो. दिवसभर आठ तास घेऊन माझा घसा बसला होता.

मध्येच अप्पा थांबले. चहावाल्याला हाक मारून त्यांनी आणखी चार चहा सांगितले आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, ‘‘दमलाय तुमी सर. घरी जायचं तर जावा.’’

‘‘बसतो की अजून,’’ मी म्हणालो.