आपाचा पारा

इस्माईलभाईंच्या कारखान्यात शिरताना कुणी अडवत नाही. निघताना मात्र दारातल्या पांढऱ्या इनॅमलच्या परातीत उभं राहून पॅंट झटकावी लागते. आधी डावा पाय, मग उजवा. दुमड उलगडायची, खिसे बाहेर काढायचे. बडे डॉक्टर असोत की पाण्याचा जार आणणारा, सुटका कुणाचीच नाही. मी रसायनशास्त्राचे क्लास घेतो. लातुरात माझ्या नावाला वजन आहे, रिक्षांच्या पाठीवर माझा फोटो फिरतो. तरी गेली कित्येक वर्षं मीही त्या परातीत नाचत आलो आहे.

"घरचं घरात ऱ्हाऊ द्या, सर," इस्माईलभाई बाजूला उभे राहून म्हणतात.

घरचं म्हणजे पारा. इस्माईलभाई रक्तदाब मोजायची यंत्रं बनवायचे. ती जुनी, पेटीतली, काचेच्या नळीत पारा चढणारी. हा पारा सांडला की मोहरीएवढे मणी होऊन शिवणीत, बुटाच्या खाचेत, कुठंही दडून बसतो. तिथून नालीत, नालीतून पाण्यात, पाण्यातून माशात आणि माशातून माणसात. हे मी मुलांना दोन मार्कांसाठी शिकवतो. सातवी नापास इस्माईलभाई त्यासाठी जीव टाकतात. शेडच्या फरशीला एकही सांधा नाही. सगळी जमीन एका कोपऱ्याकडे उतरती, आणि तिथं पाण्यानं भरलेलं भांडं. सांडलेला पारा ते कागदाच्या पुठ्ठ्यानं असा गोळा करतात, जसं कुणी झोपलेल्या लेकराला उचलावं. पर्यावरणाच्या नियमांचा कागद पहिल्यांदा आला, तेव्हा त्यांनी तो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "हे तर आमी कवाचंच करून राहिलो. कायदा लई उशिरा उठला की हो!"

पारा सोन्याला चिकटतो, म्हणून सोनं घालून आत जायचं नाही, हाही त्यांचाच नियम. मी एकदा ऐकलं नाही आणि लग्नाची अंगठी पांढरीफटक करून घरी गेलो. बायकोला त्यातलं रसायनशास्त्र समजावून सांगितलं. तिला ते पटलं नाही.

आता पाऱ्याची यंत्रं बंद होऊन घड्याळासारख्या काट्याची आली. इस्माईलभाईंनाही काट्याची बनवायची होती. त्यासाठी प्रदूषण मंडळाचं नवं संमतीपत्र हवं होतं, आणि संमतीपत्रासाठी शेडमधला थेंबन् थेंब पारा वहीत नोंदवून परवाना असलेल्या कंपनीच्या गाडीत द्यायचा होता. एक थेंब लपवला तरी शेडला कुलूप. तपासणी ठरली आणि त्यांचा मला फोन आला.

"सर, सोमवारी अकराला पीसीबीवाले. तुमी बी याच."

आता लातुरात पीसीबी म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं. माझ्या बॅचला कारखाना दाखवा म्हणून मी महिनाभर त्यांच्या मागे लागलो होतो. म्हटलं, चला, एकदाचे पाघळले. सोमवारी अकराला मी तीस पोरं घेऊन शेडच्या दारात हजर.

इस्माईलभाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "सर, हे कोण?"

"पीसीबीवाले!"

"या अल्ला! मी मंडळाचे म्हणून राहिलो होतो!"

प्रदूषण नियंत्रण मंडळाची इंग्रजी आद्याक्षरंही तीच, हे मला, लातूरच्या नामांकित सरांना, तिथं कळलं. पण आलेल्या पोरांना परत पाठवतील तर ते इस्माईलभाई कसले! त्यांनी सगळ्यांना फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभं केलं आणि तासभर असं शिकवलं, की मी गुपचूप दोन मुद्दे टिपून घेतले. मग परातीपुढं रांग लागली. तपासणीच्या मॅडम गाडीतून उतरल्या तेव्हा एक पोरगा परातीत उड्या मारत होता आणि इस्माईलभाई ओरडत होते, "झटक, लेका, झटक! घरचं घरात!"

मॅडम हसल्या. निघताना त्याही परातीत उभ्या राहायला तयार आहेत म्हटल्यावर इस्माईलभाईंची छाती फुगली. वह्या चोख, बाटल्या मोजून बरोबर. आता सही होणार, तेवढ्यात मॅडमनी कोपऱ्यातलं कपाट उघडायला सांगितलं. आत एक फुटकी यंत्राची पेटी आणि शेजारी काचेची छोटी बाटली. बाटलीत बोटभर पारा, वर पाणी, आणि चिठ्ठी चिकटवलेली.

"आपाचा पारा," मॅडमनी मोठ्यानं वाचलं.

रांगेतली पोरं खो खो हसली. मीही हसलो. मोठ्या बहिणीचा पारा बाटलीत! माझ्या बायकोचा ठेवायचा तर टाकी लागेल, असं मी म्हणालोसुद्धा. इस्माईलभाई हसले नाहीत.

"हा वहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई, मॅडम. हा कारखान्याचा न्हाई." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "आपा किल्लारीकडं सिस्टर होती, सरकारी दवाखान्यात. लई तापट. मी बारका असताना तिच्या मशीनीतला पारा खेळायला काढला अन् नालीत सांडला. लई हाणलं मला. म्हनली, नालीचं पानी पोरं पितात. घरचं घरात ठिवायचं. भूकंपात ती गेली. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. तवर माती झाली होती. ही पेटी घावली. नळी फुटून पारा मातीत पसरला होता, अन् बाजूला तंबूत उघड्या पायाची लेकरं. दोन दिस बसून येचला."

मला माझ्या विनोदाची अशी लाज वाटली की सांगता सोय नाही. ज्या वाक्याला मी इतकी वर्षं या माणसाचा विक्षिप्तपणा समजत होतो, ते त्यांच्या बहिणीचं वाक्य होतं.

मॅडम हळूच म्हणाल्या, "चाचा, पेटी राहू द्या. पण पारा..."

"म्हाईत हाय. द्यावाच लागंल. ठिवला तर आपाच हाणंल मला."

वहीत शेवटची ओळ त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली. 'कुठून आला' या रकान्यात काय लिहू, विचारलं. "बहिणीकडून," ते म्हणाले. मॅडमनी खाली सही केली. दुपारी पारा न्यायची गाडी आली. बाटली त्यांनी स्वतःच्या हातानं डब्यात ठेवली आणि झाकण स्वतःच आवळलं.

पोरांना मी पुढं पाठवलं आणि नेहमीप्रमाणे परातीत पाय ठेवायला गेलो, तर त्यात इस्माईलभाईच उभे होते. आधी डावा पाय झटकला, मग उजवा. दुमड उलगडली, खिसे बाहेर काढले. पुन्हा डावा. मग खाली बसून परातीच्या कडेनं बोट फिरवत राहिले.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"एखादा थेंब ऱ्हायला का बघून राहिलो, सर."

परात कोरडी होती. मीही त्यांच्याशेजारी बसलो आणि माझ्या पॅंटची दुमड उलगडून पाहिली.