दोन विद्यापीठांच्या मधला माळ

एका जंगलात दोन विद्यापीठं होती, बाळांनो. खरं तर एकही पुरलं असतं, कारण निम्मे प्राणी वर्गात झोपतच असत. पण डोंगरावर एक आहे म्हटल्यावर तळ्याकाठीही एक हवंच. शेवटी मानापमानाचा प्रश्न होता.

डोंगरावरचे कुलगुरू गरुडराव. तळ्याकाठच्या कुलगुरू मगरबाई. एकदा दोघांनी एकमेकांना शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला आणि 'वनसंवर्धन' या विषयाचा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम जाहीर केला. व्याख्यान डोंगरावर, सकाळी आठ ते नऊ. प्रात्यक्षिक तळ्याकाठी, बरोबर नऊला. हजेरी दोन्हीकडे पंचाहत्तर टक्के.

मधे दोन कोसांचा उघडाबोडका माळ आहे, हे मात्र करारात राहून गेलं. गरुडराव उडत जात, त्यांना तो दोन मिनिटांचा वाटे. मगरबाई तळं सोडून कधी बाहेरच पडल्या नव्हत्या.

त्या माळावर तुरतुरी नावाची खार राहायची. माळावर झाड एकच, बाभळीचं. त्यावर तिच्या घरची अकरा जणं दाटीवाटीनं राहत. तुरतुरीला माळभर झाडं लावायची होती. पण माळाला हात लावायचा हक्क फक्त वनपालाचा आणि वनपाल व्हायचं तर ही पदवी हवी. म्हणून बिचारीनं प्रवेश घेतला.

रोज नऊला व्याख्यान संपे. प्रात्यक्षिकात पेरायच्या बिया तिथेच वाटत. तुरतुरी त्या तोंडात भरून जी सुटायची, ती धापा टाकत साडेदहाला तळ्यावर. फाटकात हजेरीचे बगळेकाका एका पायावर उभेच.

"प्रात्यक्षिक संपलं, ताई."

"अहो काका, वरचा तासच नऊला सुटतो!"

"मग लवकर निघायचं."

दुसऱ्या दिवशी ती लवकर निघाली. डोंगरावर गैरहजेरी लागली.

तळ्यावरून हात हलवत परत यायचं, तर तोंडातल्या बियांचं करायचं काय? बी उरली की पुरून ठेवायची, ही खारींची जुनी सवय. कुठे पुरली ते विसरायचं, ही त्याहून जुनी. तुरतुरी परतीच्या वाटेवर बिया पुरत गेली आणि विसरत गेली.

तिच्या वर्गात एक अजगर होता. त्यानं पहिल्याच दिवशी तळ्याकाठच्या बाकावर जाऊन कात टाकली, ती तिथेच ठेवली आणि डोंगरावर येऊन मागच्या बाकावर झोपला तो झोपलाच. इकडे बगळेकाका रोज कातीची हजेरी मांडत. कात हलत नसे, बोलत नसे, शंका विचारत नसे. असा गुणी विद्यार्थी काकांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

दोन पावसाळे गेले. परीक्षा आली.

"तुझी हजेरी इथे पस्तीस टक्के, तिथे चाळीस," बगळेकाका म्हणाले.

"मिळून पंचाहत्तर झाले की!" तुरतुरीला रडूच फुटायचं बाकी होतं. "अभ्यासक्रम संयुक्त आहे ना?"

"अभ्यासक्रम संयुक्त आहे. हजेरी नाही."

पदवीदान कुठे करायचं यावर दोन्ही कुलगुरूंचं वाजलं. शेवटी मधोमध करायचं ठरलं. मगरबाई पालखीत बसून प्रथमच माळावर आल्या आणि बघतच राहिल्या. हरणाच्या खांद्याला लागतील अशी झाडं, डोंगरापासून तळ्यापर्यंत!

"आमच्या व्याख्यानांचं फळ," गरुडराव म्हणाले.

"आमच्या प्रात्यक्षिकांचं," मगरबाई म्हणाल्या.

"अहो, या बिया मी पुरल्यात!" बाभळीवरून तुरतुरी ओरडली.

बगळेकाकांनी चष्मा सावरला. "वनपाल नसताना माळाला हात लावलास? लेखी कबूल करतेस?"

तुरतुरी पानांआड सरकली. कबूल केलं तर माळावरून हाकलतील, आणि अकरा जणांचं राहायचं ते एकच झाड होतं.

दोन्हीकडे हजेरी पूर्ण असलेल्या अजगराला सुवर्णपदक मिळालं आणि वनपालाची जागाही. गार सावलीत वेटोळं घालून त्यानं पहिला हुकूम काढला : यापुढे खारींनी माळावर उकरू नये. मग तो झोपला.

आणि तुरतुरी? तिनं पुन्हा प्रवेश घेतला. रोज नऊला ती डोंगर उतरते, तोंड भरून. हुकूम मोडतेच, पण अजगराला जाग कुठे येते? माळ आणखी दाट होतो आहे आणि विद्यापीठं त्यासाठी पुरस्काराची वाट पाहत आहेत.

तात्पर्य : काही करून दाखवायचं असेल तर रोज धावावं आणि वाटेत करावं. पदवी हवी असेल तर कात पाठवावी.