तेहतिसाव्या मिनिटाची जागा

कलावंताला सर्वांत जास्त गरज असते ती श्रोत्याची, आणि श्रोत्याला सर्वांत जास्त गरज असते ती दाराजवळच्या खुर्चीची. या दोन गरजांचा मेळ घालण्यात भल्याभल्यांची हयात गेली. तो मेळ अखेर घातला पाणीपुरवठा खात्याने, तोही तक्रार निवारण कक्षाच्या फोनवर आणि कोणताही गाजावाजा न करता. या कार्यात ज्याचा हात (आणि मुख्यतः फुंकर) होता, त्या क्लॅरिनेटवादकाची ही हकीकत.

वादक सत्तेचाळीस वर्षांचा. एका वाद्यवृंदात त्याने एकोणीस वर्षे दुसरा क्लॅरिनेट वाजवला. दुसऱ्या क्लॅरिनेटचे काम म्हणजे पहिला क्लॅरिनेट जे वाजवतो त्याच्या जरा खाली राहून त्याला दुजोरा देणे. (पहिला आजारी पडला तर दुसरा पुढे येतो. पहिल्याची प्रकृती एकोणीस वर्षे ठणठणीत होती.) पुढे वाद्यवृंदाचे सभागृह टाइल्सच्या शोरूमला दिले गेले आणि वादक घरी बसला. घरात बायको होती, शाळेत भूगोल शिकवणारी, शांत स्वभावाची. एक गल्ली सोडून सासूबाई राहत. सासूबाई जावयाला त्याच्या माघारी 'पिपाणी' म्हणत. समोर असला तर 'आमची पिपाणी' म्हणत.

वादकाच्या डोक्यात चौदा वर्षांपासून एक जागा घर करून होती. सात-आठ सुरांचा तुकडा. सूर खालून वर चढतो, वर पोचल्यावर काहीतरी विसरल्यासारखा थबकतो, आणि मग आल्या वाटेने न परतता दुसऱ्याच जिन्याने खाली उतरतो. एवढेच. पण ही जागा नुसती उचलून वाजवण्यात अर्थ नव्हता. तिच्याआधी ऐकणाऱ्याला बत्तीस मिनिटे तयार करावे लागे, आणि बत्तीस मिनिटे तयार व्हायला कोणी तयार नव्हते. बायकोने चार वेळा मनापासून प्रयत्न केला. चारही वेळा ती एकविसाव्या मिनिटाला वह्या तपासता तपासता झोपली. (यात वह्यांचाही वाटा असावा, असे वादकाचे मत होते.)

याच सुमारास पाणीपुरवठा खात्याच्या असे निदर्शनास आले की, फोनवर ताटकळणाऱ्या नागरिकाला विचार करायला वेळ मिळतो आणि विचार केल्याने एका तक्रारीच्या तीन होतात. ताबडतोब परिपत्रक निघाले. प्रतीक्षाकाळात संगीत ऐकवण्यात यावे. ते संगीत प्रसन्न असावे, परंतु घरात पाणी नसताना चीड यावी इतके प्रसन्न नसावे. त्यात गायन नसावे, कारण शब्दांचे अर्थ निघतात. तसेच त्यात कोठेही खळखळाटाचा भास होऊ नये, अन्यथा खात्याकडे पाणी असल्याचा पुरावा म्हणून त्याचा वापर होण्याची शक्यता नाकारता येत नाही.

निवड समितीत अधीक्षक, एक अभियंता आणि भांडारपाल होते. अर्ज तीन आले. एका अर्जदाराने ट्रंपेट वाजवला, तो ऐकून अभियंत्याने सवयीने रस्ता खोदायची परवानगी मागितली. दुसऱ्याने टाकी साफ करण्याच्या कामासाठी म्हणून अर्ज केला होता; तो गुणानुक्रमे दुसरा आला. वादक पहिला आला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

त्याने चार भागांची, एकेचाळीस मिनिटांची रचना केली आणि तेहतिसाव्या मिनिटाला आपली जागा ठेवली. समितीने सुरुवातीची दोन मिनिटे ऐकली आणि 'पुढेही असेच असावे' असा शेरा मारून रचना मंजूर केली.

पहिल्या महिन्यात दोन हजार तीनशे अकरा श्रोते. वाद्यवृंदाच्या भरभराटीतही सभागृहात ऐंशीच्या वर माणूस नसे, आणि त्यातले निम्मे पंख्याखाली बसायला आलेले असत. इथे कोणी मध्येच उठत नव्हते. कोणी खोकले तरी कलावंताला कळत नव्हते. वादक आठ दिवस हवेत होता. नवव्या दिवशी त्याने चौकशी केली तेव्हा समजले की खात्यात फोन उचलायला सरासरी नऊ मिनिटे लागतात. म्हणजे पहिला भाग आटपून दुसरा जरा अंग झटकतो न झटकतो तोच कानात "नमस्कार, बोला" येत होते. दोन हजार तीनशे अकरांपैकी तेहतिसाव्या मिनिटाला पोचलेले: शून्य.

वादक खात्याच्या कार्यालयात गेला. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, तक्रार निवारण कक्ष होता. एक टेबल, एक उशी बांधलेली खुर्ची, कुंडीत वाळलेले एक झाड (त्याच्याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती) आणि कानाला हेडफोन लावलेल्या ऑपरेटर बाई.

"तुम्ही फोन जरा लवकर उचलता," वादक म्हणाला.

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "परत बोला."

"लवकर उचलता. नऊ मिनिटांत."

"अठरा वर्षं झाली मला या खुर्चीत," त्या म्हणाल्या. "हे वाक्य मला कधी कोणी बोललं नव्हतं. बसा. चहा घेणार?"

चहा पिता पिता वादकाने सगळे सांगितले. बाईंनी लक्ष देऊन ऐकले.

"काय आहे तेहतिसाव्या मिनिटाला?"

"सांगता नाही येणार. वाजवून दाखवता येईल, पण आधीची बत्तीस मिनिटं..."

"म्हणजे माझी जेवणाची सुट्टी आणि वर दोन मिनिटं." बाईंनी हिशेब केला. "बरं. बघते काय करता येतं."

दुसऱ्या दिवसापासून बाई विणकाम घेऊन येऊ लागल्या. महिन्याभरात सरासरी प्रतीक्षा एकोणीस मिनिटांवर गेली आणि स्वेटरची डावी बाही पूर्ण झाली. पुढच्या महिन्यात सव्वीस मिनिटे आणि उजवी बाही. नागरिक संतापतील अशी खात्याची धारणा होती, आणि तसे ते संतापलेही, पण भलत्याच कारणाने. एका निवृत्त न्यायाधीशांनी पाच पानी पत्र लिहून कळवले की, तिसरा भाग रंगात आलेला असताना आपला फोन उचलण्यात आला, ही बाब नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाला धरून नाही. एका दंतवैद्याने दवाखान्यात दिवसभर खात्याचा फोन स्पीकरवर लावून ठेवला. ज्यांना तक्रारच नव्हती असे सज्जन विनाकारण फोन करणे बरे दिसत नाही म्हणून आधी घरच्या नळाचे वॉशर ढिले करत आणि मग स्वच्छ मनाने नंबर फिरवत.

फोन उचलला जाईपर्यंत बहुतेकांचे मन निवलेले असे. त्या तिमाहीत एकूण फोन नऊ हजार, नोंदलेल्या तक्रारी चार, निवारण झालेल्या तक्रारी चार, यशाचे प्रमाण शेकडा शंभर. अधीक्षकांना वरून अभिनंदनाचे पत्र आले. ते कलेचे चाहते होतेच (हे त्यांनाही त्याच आठवड्यात कळले). त्यांनी दोन आदेश काढले. पहिला: दुरुस्ती पथकातल्या सहा कर्मचाऱ्यांना काम उरले नसल्याने त्यांना संगीताच्या रसग्रहणाचे प्रशिक्षण द्यावे. दुसरा: कलेचा मान राखण्यासाठी यापुढे कोणताही फोन रचनेच्या मध्यात उचलू नये. तो तिसरा भाग संपताच, एकोणतिसाव्या मिनिटाला, उचलावा. एक सेकंद आधी किंवा नंतर उचलल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल.

आदेशाची प्रत वादकाला सन्मानपूर्वक देण्यात आली. त्याने ती दोनदा वाचली. आपल्याला आता रोज शंभर माणसे चार मिनिटे कमी पडेपर्यंत ऐकणार, हे त्याच्या ध्यानात आले. तो घरी येऊन क्लॅरिनेटची पेटी कपाटावर ठेवून बसला. बायकोने विचारले, "काय झालं?" तो म्हणाला, "मान मिळाला."

सासूबाईंनी या सगळ्या काळात खात्याला एकदाही फोन केला नव्हता. नळाला पाणी नसले तर त्या शेजारून दोन बादल्या आणत, पण पिपाणी ऐकणार नाही म्हणजे नाही. परंतु एका दुपारी त्यांच्या ओट्याखालचा पाइप फुटला. पाणी बंद करण्याचा व्हॉल्व्ह रस्त्यावरच्या लोखंडी झाकणाखाली होता, झाकणाला कुलूप होते आणि चावी खात्याकडे होती. सासूबाईंचा नाइलाज झाला. बातमी कळून वादक धावत पोचला तेव्हा स्वयंपाकघरात घोट्याइतके पाणी होते, त्यात कांदे तरंगत होते, आणि सासूबाई जेवणाच्या टेबलावर पाय वर घेऊन, रिसीव्हर कानाला लावून बसल्या होत्या. आजवर त्या जावयाला पाण्यात पाहत आल्या होत्या; त्या दिवशी त्यांनी त्याला खरोखरच पाण्यात पाहिले.

"किती वेळ झाला?" त्याने विचारले.

सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवले.

वादकाने पाइपाला आधी फडके गुंडाळले, मग टॉवेल, मग स्वतःचा शर्ट. पाणी त्या सगळ्यांना वळसा घालून येत राहिले. अखेर रिसीव्हरमधून बाईंचा आवाज आला, "नमस्कार, तक्रार निवारण कक्ष. बोला."

सासूबाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला. "ती म्हणतेय बोला."

"मग बोला ना, आई. पाइप फुटलाय म्हणून सांगा."

सासूबाईंनी हात काढला. "काय हो बाई, हे मधेच का थांबवलंत?"

"तिसरा भाग संपला. तसा आदेश आहे."

"संपला कुठे? आत्ता तर तो चढायला लागला होता."

"ते पुढे आहे. चौथ्या भागात."

"मग चौथा लावा."

"तसा लागत नाही हो. पहिल्यापासून सुरू होतं. आणि तिसरा संपला की मला उचलावंच लागतं, नाहीतर कारवाई."

"तुम्ही ऐकलाय का चौथा?"

पलीकडे विणकामाच्या सुया थांबल्या. "नाही," बाई म्हणाल्या. "मी उचलणारी. मला ऐकू येत नाही. अठरा वर्षांत कुणी वाट बघताना काय ऐकतं ते मला माहीत नाही."

"मग तुम्हीही ऐका. काहीतरी बटण असेलच की तिथे."

"आहे."

"दाबा."

"आई, पाइप," वादक म्हणाला.

"पाइप कुठे पळून जात नाही. जावईबापू, जरा गप्प बसा आणि इकडे या."

तो टेबलावर चढून सासूबाईंच्या शेजारी बसला. रिसीव्हर दोघांच्या कानांच्या मध्ये धरला. रचना पहिल्यापासून सुरू झाली. पहिल्या भागात पाणी पोटरीला लागेल इतके झाले, दुसऱ्यात स्टूल वाहत दाराशी गेले. वादकाच्या मनात आले, हा भाग जरा लांबलाय. एकोणतिसाव्या मिनिटाला त्याने श्वास रोखला. फोन उचलला गेला नाही. (बाईंनी नंतर लेखी खुलासा दिला की, हेडफोन लोकरीत अडकला होता.)

तेहतिसाव्या मिनिटाला सूर वर गेला. थबकला. आणि उतरला.

एक कांदा टेबलाच्या पायाला धडकून परत फिरला. "दुसऱ्याच जिन्याने आला," सासूबाई शेवटी म्हणाल्या.

वादकाच्या डोळ्यांत पाणी आले. (खात्याच्या त्या दिवशीच्या पुरवठ्यात ते धरलेले नाही.)

एकेचाळीस मिनिटे पूर्ण झाल्यावर बाईंचा आवाज आला. तो जरा घोगरा झाला होता. "नमस्कार. काही तक्रार?"

गुडघ्याइतक्या पाण्याकडे सासूबाईंनी पाहिले. "नाही," त्या म्हणाल्या. "काही तक्रार नाही."

तशी नोंद झाली. शेवटी रस्त्यापलीकडच्या लोहाराने झाकणाचे कुलूप तोडले आणि पाणी बंद केले. कुलूप तुटल्याची खबर लागून खात्याचे दुरुस्ती पथक तिसऱ्या दिवशी आले. प्रशिक्षण पूर्ण झालेले होते. कुलूप तोडल्याबद्दल पथकप्रमुखाने नापसंती दर्शवली, पाणी पाच मिनिटे सोडायला लावले, फुटक्या पाइपापाशी डोळे मिटून उभा राहिला, लय चांगली आहे पण शेवट आवरता घ्यायला हवा असे म्हणाला, आणि नवा पाइप बसवून गेला. सासूबाई जावयाला अजूनही पिपाणीच म्हणतात, मात्र शेजारणीने म्हटलेले खपवून घेत नाहीत. वादकाची पेटी कपाटावरून खाली आली आहे. ऑपरेटर बाईंनी दुसरा स्वेटर घेतला असून त्याला चौथ्या भागापर्यंत वेळ लागेल, असे त्यांनी अधीक्षकांना कळवले आहे.

खाते मात्र एवढ्यावर समाधानी नाही. ज्या नागरिकांना संगीताची आवड नाही त्यांच्यासाठी वाचनीय मजकूर तयार करवून घ्यावा असे ठरले, आणि त्यानुसार प्रस्तुत हकीकत लिहवून घेण्यात आली. जो वाचक ती मध्येच न सोडता शेवटच्या परिच्छेदापर्यंत येईल, त्याचे समाधान झाले आहे असे समजून त्याची फाइल बंद करण्यात यावी, असा नियम आहे. आपण आलात. आता उठून घरचा नळ सोडून पाहायला हरकत नाही. पाणी आले नाही तर तो आपला खाजगी अनुभव समजावा.