पूजेची बंदूक

भगवंतरावांची बंदूक सकाळपासून देवघरात पाटावर बसली होती. शकुबाई तिला हळद-कुंकू वाहत होत्या आणि भगवंतराव दारात उभे राहून तळमळत होते.

"आटप व! लोधीखेड्याची मोटर निघून जाईन."

"जाऊ द्या. मनिलाले निघाली ना बंदूक? मंग बिनपूजेची कशी धाडू? अन् काम फत्ते झाल्याबिगर कुंकू पुसू नोका, अपशकुन होते."

मनिलाला आशियाई खेळ व्हायचे होते. नेमबाजीचा संघ निवडायची पहिली चाचणी लोधीखेड्याच्या माळावर होती. पांढुर्ण्याच्या संघात माणसे तीन आणि बंदूक एक. भगवंतरावांची पन्नाशी उलटली होती. आज हुकले तर पुन्हा नाही, हे त्यांना ठाऊक होते. समोर सौंसरचा संघ, आणि त्याचा कप्तान गुणवंता म्हणजे शकुबाईंचा धाकटा भाऊ!

माळावर निशाणाच्या दोन फळ्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या. डावी पांढुर्ण्याची, उजवी सौंसरची. भगवंतराव पालथे झोपले, एक डोळा मिटला. ज्या माशीवरून नेम धरायचा, ती नळीच्या टोकावरची माशी कुंकवात पार बुडाली होती. पण तिथे काहीतरी पांढरे चमकत होते. तीच माशी समजून त्यांनी बार काढले. मग पुंडलिकराव मास्तरांनी काढले, मग भगवंतरावांच्या बागेतली रानडुकरे हाकलणाऱ्या कवडूने.

फळ्या आणल्या. पांढुर्ण्याची फळी कोरीकरकरीत आणि सौंसरच्या फळीची चाळण!

"हे सारे भोकं काही आमचे नाही बाप्पा," गुणवंता डोके खाजवत म्हणाला.

पंचांना परतीची मोटर गाठायची होती. "गोळी ज्याच्या हद्दीत पडली, त्याची!" त्यांनी निकाल दिला.

"झालं!" पुंडलिकराव म्हणाले. "भाषेवरून राज्यं वाटणारं कमिशन आपल्या तालुक्याचंही असंच करते का काय!"

भगवंतरावांनी नखाने कुंकू खरवडले. माशीच्या डाव्या अंगाला चिकटलेला तांदूळ टपकन खाली पडला.

"अक्षता!" कवडू ओरडला. "मालक, आपण तांदुळावर नेम धरून राहिलो होतो!"

घरी शकुबाईंनी सगळे ऐकले. "म्या सांगतलं होतं, काम फत्ते होईन. झालं, पण माह्या भावाचं," एवढेच म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्या रात्री दोघांचीही ताटे तशीच राहिली.

चार दिवसांनी गुणवंता आला. काखेत बंदूक.

"बाई, आता नागपूरची चाचणी हाये. माह्याही बंदुकीची पूजा कर. तुह्या हाताले गुण हाये!"

शकुबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. भगवंतरावांनी स्वतःच करंडा पुढे सरकवला.

"कर, कर. चांगलं ठसठशीत लाव. अक्षताही टाक."

पूजा झाली. गुणवंता ओसरीवर चहा प्यायला बसला. भगवंतराव बराच वेळ त्या बंदुकीकडे पाहत राहिले. मग वाकून त्यांनी धोतराच्या सोग्याने माशी लख्ख पुसली आणि बोटावरचे कुंकू लाकडी दस्त्याला लावले.

"अवो, पुसू नोका ना!" शकुबाई कुजबुजल्या.

"गप व. इथं काय अन् तिथं काय, देवाले सारखंच. बंदुकीले नाही."