कोंसूमायची नोवेन

कोंसूमायच्या हातून बाळ जेजूचा, म्हणजे येशूच्या मूर्तीचा, उजवा हात मोडला तो वीस डिसेंबरच्या सकाळी, आणि तोही भक्तीच्या भरात. मांद्र्याच्या त्या वाड्यावरच्या कपेलाची, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराची, झाडलोट, फुलं, मेणबत्त्या, घंटा, सगळं गेली बारा वर्षं तीच बघत होती. नाताळाच्या गोठ्यात ठेवायची बाळाची मूर्ती ती दर वर्षी पेटीतून काढून ओल्या फडक्यानं पुसायची. यंदा जरा जास्तच जोरात पुसली, कारण यंदा तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

डोकं फिरवलं होतं पाद्रींनी. दोन पाद्रींपैकी एक स्कूटरवरून पडून पाय प्लास्टरात घालून बसलेले, आणि उरलेल्या एकाच्या अंगावर पाच कपेलं. रविवारी ते तोंडावरच बोलले, "कोंसूमाय, नोवेनीक तीन माणसां येतत. त्यातलो एक मी. तेवीस तारखेक मी परत येतलंय. तीस माणसां दिसली तर नाताळाची मीस हय. नाय तर सगळ्यांनी मोठ्या इगर्जीत येवचां."

नोवेन म्हणजे नाताळाआधीचे नऊ दिवस रोज संध्याकाळी पाचला होणारी प्रार्थना; मीस म्हणजे पाद्रींनी करायची मुख्य उपासना, आणि इगर्जी म्हणजे चर्च. वाड्यावर ख्रिस्ती घरं एकोणीस. पण डिसेंबर म्हणजे सीझन. कोण किनाऱ्यावरच्या हॉटेलात मासे तळतोय, कोण चादरी बदलतोय, कोण पाहुण्यांच्या बॅगा उचलतोय. कोंसूमाय पाचला घंटा वाजवायची आणि त्याच वेळी पाहुण्यांच्या गाड्या हॉटेलांच्या दारात लागायच्या. घंटेला ओ द्यायचा कोण, तर समोरच्या माडाखालचा कुत्रा.

"तीस माणसां खंयसून हाडू? मातीची करू?" असं ती पुटपुटली, फडकं जोरात फिरवलं, आणि कट्ट असा आवाज झाला.

मातीची माणसं करणारा वाड्यावर कोणी नव्हता, पण मातीचे देव करणारा होता. शंभूची गणपतीची चित्रशाळा तीन घरं सोडून. डिसेंबरात त्याला काम नसे. त्यानं बाळाला अलगद मांडीवर घेतलं, मोडका हात भिंगातून पाहिला आणि शाडूचा नवा हात करायला बसला.

"हातात काय देवया?" त्यानं विचारलं.

"काय म्हणजे?"

"मोदक? लाडू? रिकामो हात करूची माका सवय नाय गो."

"शंभू, ह्यो जेजू! जल्माक येवन एक दिस जावंक नाय, लाडू खंयसून खातलो?"

"बरां, मग आशीर्वाद देवंदी."

हात झाला. शंभूनं सवयीप्रमाणे मूर्ती डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या फडक्यात गुंडाळली. "दिवस येयसर तोंड दाखवूचां नाय. आमच्यात तसांच."

"आमच्यातय तसांच," कोंसूमाय म्हणाली. नाताळाच्या मिसेपर्यंत गोठा रिकामा ठेवायचा, बाळ कोणाला दाखवायचा नाही, हा कपेलाचा नियम. दोन धर्मांचं इतक्या चटकन एकमत झालं, आणि पुढचा सगळा घोळ त्या एकमतातूनच झाला.

कारण दंव. बावीस तारखेपर्यंत शाडू वाळेना. तेव्हा शंभूनं ते गाठोडं मिंगेल पदेराच्या बेकरीत नेलं आणि भट्टीवरच्या उबदार कट्ट्यावर ठेवलं. "मिंगेल, कायय झालां तरी फडकां सोडू नको."

"देवाचां काम मरे. सोडूचंय नाय," मिंगेल म्हणाला, आणि शब्दाला जागला.

त्याच कट्ट्यावर, तसल्याच पांढऱ्या फडक्यात, किनाऱ्यावरच्या एका बड्या हॉटेलानं नाताळाच्या टेबलासाठी मागवलेला हातभर लांब गोड पाव निवत होता. तेवीसच्या सकाळी, चारपासून जागा असलेल्या मिंगेलनं एक गाठोडं हॉटेलात पोचवलं. दुपारी कोंसूमाय आली, तेव्हा दुसरं तिच्या हातात दिलं.

तिनं ते छातीशी धरून घरी नेलं. टेबलावर ठेवलं, मेणबत्ती लावली, गुडघे टेकले. तासभर तिनं सगळं गाऱ्हाणं घातलं. तीस माणसं धाड, फार नको, तीसच. डोळे उघडले तर मुंग्यांची रांग टेबलाच्या पायावरून वर चढून फडक्यात शिरत होती. मुंग्यांची भक्ती बघून तिला आधी भरून आलं. मग लोण्याचा वास आला. मग तिनं नियम मोडला आणि फडकं सोडलं. आत बेदाणे लावलेला पाव.

"मिंगेऽऽल!" पाव काखेत मारून ती बेकरीत शिरली.

"माजेर ओरडू नको! तुमीच सांगलास, फडकां सोडू नको. सोडूक नाय! दुसरां गाठोडां हॉटेलात गेलां."

कोंसूमाय शंभूच्या स्कूटरवर मागे बसली आणि साडेचारला हॉटेलात पोचली. आतल्या मोठ्या दालनात कापसाचा बर्फ, मान हलवणारं हरीण, दोन पुरुष उंचीचा लाल कपड्यातला म्हातारा, आणि त्याच्या बुटापाशी फडकं सोडून ठेवलेला बाळ जेजू. नाताळाच्या आदल्या दिवसाच्याही आदल्या दिवशी! पाहुणे त्याच्याशेजारी आडवे पडून फोटो काढत होते.

मॅनेजर तुषार पुण्याचा, नवा, इस्त्रीचा. तो खूश होऊन म्हणाला, "अहो, ऑर्डर पावाची होती, आली मूर्ती. म्हटलं बेकरीवाल्यानं भेट पाठवली."

"माझो जेजू माका परत दी."

"मावशी, मालकांना विचारल्याशिवाय नाही देता येणार. सकाळपासून गेस्ट लाइनीत आहेत. आणि तुमचाच कशावरून?"

शंभू पुढं झाला. "ह्यो हात बघा. ह्यो माझो हात. चवथीक गावातल्या घराघरात असोच हात आसता."

"म्हणजे गणपतीचा?"

"हात गणपतीचो. जेजू हिचो."

तुषारनं डोकं धरलं आणि मालकांना फोन लावला. मालक विमानात होते.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. कपेलाची चावी कोंसूमायच्या कमरेला. पाद्री आता बंद दारासमोर उभे राहून माणसं मोजत असणार, आणि मोजायला तिथं कुत्राच. बाळाला इथं असं उघडं टाकून जायचं? की नोवेन चुकवायची? बारा वर्षांत तिनं तापातसुद्धा नोवेन चुकवली नव्हती.

"शंभू, त्या तांबड्या म्हाताऱ्याक जरा बाजूक कर."

शंभूनं म्हाताऱ्याला हरणावर ढकललं. हरणाची मान हलायची थांबली. कोंसूमायनं बाळाला फडक्यात पुन्हा नीट गुंडाळलं, समोर गुळगुळीत लादीवर गुडघे टेकले आणि नोवेनीचं गाणं धरलं. तिचा आवाज कपेलाच्या दारासारखाच होता, तेल न घातलेला. पहिली ओळ संपली आणि ती दम घ्यायला थांबली.

दुसरी ओळ स्वयंपाकघरातून आली.

आधी आग्नेल बाहेर आला, हाताला मसाला लागलेला. मागून चादरींचा गठ्ठा घेऊन फिलोमेना. मग भांडी घासणारे, बॅगा उचलणारे, बागेत पाणी घालणारे. लाइनीतले पाहुणे आपोआप भिंतीला लागले. एकोणीस घरांतली माणसं एकेक करून लादीवर गुडघे टेकत गेली.

"अरे, ड्युटीवर आहात तुम्ही!" तुषार कुजबुजला.

"साहेब, पाच मिनटां," फिलोमेना डोळे न उघडता म्हणाली. "रोज हयसून घंटा आयकतंव. येवक गावणां नाय."

तुषारनं स्वतःच जाऊन दालनातलं इंग्रजी संगीत बंद केलं.

पाद्री बंद कपेलासमोरून मिंगेलला विचारत विचारत तिथवर आले ते फणफणतच. "कोंसूमाय! नोवेन काय हॉटेलात करतंस?" असं म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मग बोट हलायला लागलं. "अडतीस, एकोणचाळीस... शंभूक धरू?"

"धरा, धरा," शंभू गुडघ्यावरूनच म्हणाला.

"चाळीस. बरां. मीस उद्या सांजचे सात, कपेलात."

एवढ्यात मालकांचा फोन आला. मूर्ती देऊन टाक म्हणाले. पाव मात्र आजच आला पाहिजे म्हणाले. तो मुंग्या झटकून आलाही. तुषारला आता इतकं भरून आलं होतं, की त्यानं सगळ्या ख्रिस्ती नोकरांना चोवीसच्या संध्याकाळी दोन तास सुट्टी जाहीर केली. तेवढ्यावर थांबला असता तर बरं. पण त्यानं किनाऱ्यावरच्या सगळ्या मॅनेजरांच्या ग्रुपवर निरोप टाकला : "उद्या सात वाजता अस्सल गावची मीस. नोकरांना सोडा. पाहुण्यांनाही पाठवा."

चोवीसला साडेसहा वाजता कपेलापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. एकोणीस घरं आली, शेजारच्या वाड्यांवरची आली, शंभूच्या घरची आली, रशियन आले, दिल्लीवाले आले. पाद्रींना स्कूटर रस्त्यावरच सोडून गर्दीतून वाट काढावी लागली. कपेलाच्या पायरीशी पोचेपर्यंत ते घामाघूम झाले.

"कोंसूमाय, ही माणसां हय मावनत नाय. मीस मोठ्या इगर्जीत घेवया."

कोंसूमायनं कमरेवर हात ठेवले. "पाद्री, माणसां कमी झाली तरी मोठ्या इगर्जीत, जास्त झाली तरी मोठ्या इगर्जीत? मग ह्या कपेलान मीस बघूची तरी कदी?"

पाद्रींनी तिच्याकडं पाहिलं. मग गर्दीकडं पाहिलं. मग आग्नेलला म्हणाले, "टेबल भायर हाड."

टेबल दारात आलं. कोंसूमाय बाळाला घरून घेऊन येईपर्यंत गर्दी आणखी दाटली आणि ती पार मागं, कुंपणाला टेकली. तिथून पुढं सरकणं शक्य नव्हतं. तेव्हा तिनं ते गाठोडं पुढच्या माणसाच्या हातात दिलं. त्यानं पुढच्याच्या. या हातातून त्या हातात, डोक्यांवरून, बाळ जेजू टेबलापर्यंत गेला. कोणीही फडकं सोडलं नाही. ते पाद्रींनी सोडलं, आणि सगळ्यांनी एकदम गाणं धरलं.

शंभू कुंपणावर चढला होता. त्यानं खाली वाकून विचारलं, "कोंसूमाय, दिसतां मां गो?"

"कायऽऽ दिसणां नाय!" ती टाचा उंचावून म्हणाली. समोर नुसत्या पाठी, पाठी आणि पाठी. तिनं डोळे पुसले आणि त्या पाठी मोजायला सुरुवात केली. तीसपर्यंत आली, आणि मग मोजायचं सोडून गायला लागली.